संदर्भ : तोंडी

नाशिकरोडला, आमच्या शाळेत, अमेरिका
नऊ नंबरच्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात,
शेतकी आणि शिवणकामाच्या मधोमध.
एकूण तीन पुस्तकं.
एकाचा पुठ्ठा गेलाय, एक वाळवीनं वाचून संपवलंय.
उरलेलं जाड, निळं, आत जांभळा शिक्का :
अमेरिकन माहिती केंद्र, मुंबई, यांजकडून सप्रेम भेट. १९६२.

मधल्या सुट्टीत यशोधरा गांगुर्डे आली, नववी ब.
"बाई, आधुनिक अमेरिकेचा इतिहास. वीस मार्क.
मोबाइलवरून उतरवलेलं चालणार नाही म्हणालेत सर."
मी किल्ली शोधली.
ते कपाट गुडघा लावल्याशिवाय उघडत नाही.

आठवडाभर ती खिडकीपाशी बसली,
प्रेसचा भोंगा जिथे नेमका कानात शिरतो.
त्या पुस्तकात अजून कोणी चंद्रावर गेलेलं नाही.
तरुण अध्यक्ष हसतोय,
त्या उघड्या गाडीत बसायला त्याला अवकाश आहे.
व्हिएतनाम दीड ओळ.
शेवटच्या पानावर उद्याचा दिवस फार उजळ,
मग कोरा कागद, मग तारखांची चिठ्ठी,
तीनच शिक्के, तिसरा त्र्याहत्तरचा.
"पुढे काय झालं, बाई?"
पुढचं पुस्तक आपल्याकडे नाही,
हे सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
पाहुणा दारात आणि साखर संपलेली, तसं.

पान दोनशे अकरा. काळपट फोटो.
हॉटेलात चार पोरं बसलीत,
बटणं गळ्यापर्यंत लावलेली. समोर कप नाही.
"यांना चहा का देत नाहीत?"
कॉफी, म्हटलं मी. मग कारण सांगितलं.
ती बोटानं फोटोची कड गिरवत राहिली.
"आमचे पणजोबा काळारामाच्या दाराशी होते.
पाच वर्षं चाललं होतं ते.
त्यांचा फोटो नाहीये."
ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली. बाकी काही झालं नाही.

दगूमामा शिडीवर जळमटं काढत होते, वरूनच म्हणाले,
अमेरिका ना? खाल्लीय मी.
बहात्तर साली. मिलो. लाल ज्वारी, रेशनची.
थापली की तव्यावर जाईस्तोवर फाटायची भाकर
न् वास असा, की म्हैस तोंड फिरवायची.
आम्ही नाही फिरवलं.
आणि ते मैदानामागचं काँग्रेस गवत,
तेपण म्हणे त्यांच्याच गव्हातून आलं. म्हणे.
दोनदा म्हणाले "म्हणे". प्रामाणिक माणूस.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर संदर्भ :
एक, निळं पुस्तक.
दोन, श्री. दगू पुंजा बोडके, शिपाई. तोंडी.
तीन, आजी, फुलेनगर. तोंडी.
चार, गवत. एक फांदी, चिकटपट्टीनं.
सरांनी पहिलं सोडून सगळ्यांखाली लाल रेघ मारली,
"लेखकाचे नाव?" असं विचारलं गवताला,
आणि वीसपैकी बारा.
दुसऱ्या दिवशी मनगट खाजवत हिंडत होते.
मी हसले नाही. थोडंसं हसले.

पुस्तक परत आलं, चार दिवस उशिरा.
माझ्या शिक्क्यातली वर्षं एकोणीसलाच संपलीत,
म्हणून तारीख हातानं लिहिली, त्र्याहत्तरच्या खाली.
दोनशे अकराव्या पानात सिटीलिंकचं तिकीट, खुणेला.
मागे पेन्सिलीनं दोनच शब्द :
मिळाली का?

मी उभ्यानंच पानं उलटली,
दोनशे बारा, तेरा, थेट शेवटपर्यंत.
निवडणूक आहे, धरणं आहेत, मक्याचं पीक आहे.

यंदाची बाद पुस्तकांची यादी टेबलावर पडलीय.
अनुक्रमांक सदतीस : निळे, जुने, कालबाह्य.
मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं.
सही राहिलीय, म्हटलं, करते.